पावसात मऊ पडणारा फोम: केळीच्या नॅनोधाग्यांचं नेमकं काय होतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाडीतल्या केळीच्या सोपटांचा लगदा करून, तो दळून तुम्ही नॅनोधागे, म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे, काढलेत. घरच्या डीप फ्रीजरमध्ये ते गोठवलेत आणि ओळखीच्या लॅबमध्ये फ्रीज ड्रायरवर वाळवून घेतलेत. मे महिन्यात झालेल्या फोमच्या वड्या हाताला टणक लागत होत्या. मृगाचा पाऊस लागला आणि त्याच वड्यांना बोट लावलं की खळगा पडतो, तो परत वर येत नाही. सेल्युलोजचा धागा पोलादाच्या तोडीचा असतो असं तुम्ही वाचलंय, मग हे काय? आणि हापूसच्या पेटीत थर्माकोलच्या किंवा फोमच्या जाळीच्या जागी हे चालेल का?

लगदा, कागद आणि त्यापासून होणारे फोम तपासायच्या कामात मला वीस-बावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ रत्नागिरीत. पावसाळ्यात लोळागोळा झालेल्या वड्या मी ढिगाने पाहिल्यात. तुमच्या धाग्यात बहुधा काहीच खोट नाही. तुम्ही वाचलं एका गोष्टीबद्दल आणि बोटाने दाबलीत दुसरीच.

पोलादाच्या तोडीचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो सेल्युलोजच्या स्फटिकाचा आहे: लांबीच्या दिशेने ओढला तर ताठपणा, म्हणजे मॉड्युलस, सुमारे १३८ गिगापास्कल. पोलादाचा २०० च्या आसपास. पण पोलाद सेल्युलोजच्या पाचपटीहून जड, त्यामुळे वजनाच्या हिशोबाने सेल्युलोज पोलादाला सहज मागे टाकतं. हे खरंच आहे. फक्त तो स्फटिक तुमच्या हातात कधीच येत नाही. हेच धागे एकमेकांवर आडवेतिडवे पसरून त्यांचा दाट कागद केला, की ताठपणा १० ते १५ गिगापास्कलवर येतो, कारण धागे सगळ्या दिशांना पडलेले असतात आणि एकमेकांना नुसते चिकटून असतात. तुमच्या फोमच्या भिंती म्हणजे असा कागद, आणि तोही चांगला जमला असेल तर. म्हणजे हिशोबाची सुरुवातच १३८ ऐवजी १० पासून करायची.

मग त्या भिंती फोममध्ये काय काम करतात ते बघा. वहाळावरच्या साकवावर उभं राहिलं की पोफळीचा ओंडका वाकतो. तोच ओंडका जमिनीत उभा पुरून त्याच्या डोक्यावर बसलात तर जराही हलत नाही. लाकूड तेच, फरक फक्त वाकवण्याचा आणि दाबण्याचा. उघड्या कप्प्यांच्या फोमवर दाब दिला की त्याच्या भिंती आणि काड्या साकवासारख्या वाकतात. लोर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी या पदार्थशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात या वाकण्याचा हिशोब मांडला. भरीव पदार्थाच्या तुलनेत फोमची घनता जितका अंश, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ताठपणा उरतो. सेल्युलोजची घनता घनमीटरला १५०० किलो. तुमच्या वडीची घनता घनमीटरला १५ किलो असेल तर अंश झाला एक शतांश, आणि ताठपणाचा अंश एक दशसहस्रांश. १० गिगापास्कलचा दशसहस्रांश म्हणजे १ मेगापास्कल, म्हणजेच हजार किलोपास्कल. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात गोठवून वाळवलेले अशा घनतेचे फोम काही दहा ते काहीशे किलोपास्कलच्या दरम्यान सापडतात, कारण निम्म्याअधिक भिंती फाटलेल्या, सुरकुतलेल्या किंवा एका टोकाला लोंबकळत असतात. लोंबणाऱ्या भिंतीचं वजन धरलं जातं, काम मात्र ती काही करत नाही.

या वर्गाच्या नियमात एक चांगली बातमीही आहे. घनता दुप्पट केलीत तर ताठपणा चौपट होतो आणि भिंती कोसळायला लागणारा दाब पावणेतीनपटीच्या आसपास वाढतो. पण घनता वाढवायची म्हणजे गोठवण्याआधीचं मिश्रण घट्ट करायचं. एक टक्का धाग्यांचं मिश्रण गोठवलंत तर साधारण १० किलोचा फोम मिळतो, तीन टक्क्यांचं गोठवलंत तर ३० च्या आसपास. आता करून बघा. अर्धा टक्का म्हणजे पेज, दीड टक्का म्हणजे आटवल, आणि तीन टक्के म्हणजे मोदकाची उकड. उकडीतून हवेचे बुडबुडे निघत नाहीत आणि साच्याच्या कोपऱ्यात ती जात नाही. तिथे मोठी पोकळी राहिली की फोम तिथूनच बसतो. मी स्वतः दोन टक्क्यांच्या पुढे फारसा गेलो नाही.

पाण्याबद्दल इथेच एक सांगून टाकतो, कारण देवगड-मालवणकडे ही चूक हटकून होते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं मचूळ पाणी या कामाला वापरू नका. नॅनोधाग्यांच्या अंगावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात आणि पाण्यात सारखे पसरतात. मिठाने तो प्रभार झाकला जातो, कॅल्शियमने धागे एकमेकांना बांधले जातात, आणि मिश्रणात गुठळ्या होतात. डोळ्यांना दिसतीलच असं नाही, पण भिंतीत त्या कमजोर जागा होऊन बसतात. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या. (आंबटपणासाठी कोकमाचं आगळ घालून चालेल का, असं मला एकाने गंभीरपणे विचारलं होतं. आगळात मीठ असतं. नको.)

आता पावसाकडे येऊ. खरं दुखणं तिथे आहे.

भिंतीतले धागे एकमेकांना धरून आहेत ते मुख्यतः हायड्रोजन बंधांनी. हे बंध पाण्यालाही तितकेच प्रिय आहेत. हवेतली वाफ भिंतीत शिरते, दोन धाग्यांच्या मध्ये जाऊन बसते आणि धाग्याने धाग्याला धरलेला हात सोडवून स्वतः धरते. मग धागे एकमेकांवरून घसरायला मोकळे. ५० टक्के आर्द्रतेला असा फोम कोरड्या वजनाच्या ७-८ टक्के पाणी धरून असतो, ९० टक्क्यांच्या पुढे तोच आकडा २० च्या आसपास जातो. तेवढ्याने ताठपणा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. स्फटिक तसाच ताठ आहे, १३८ चा १३८. सैल पडली ती गाठ. थर्माकोलला हा त्रास नाही, कारण पॉलिस्टायरीन पाणी पीतच नाही.

तुम्हाला वाटतंय मेमधला फोम चांगला होता आणि जूनमध्ये बिघडला. माझं मत वेगळं आहे. कोकणातला मे काही कोरडा नसतो, घामाच्या धारा लागतात. मेमध्ये तुम्ही हाताळलेल्या वड्या ड्रायरमधून नुकत्या निघून बंद पिशवीतून आल्या होत्या, ठणठणीत कोरड्या. तेव्हा तुम्ही जो टणकपणा पाहिलात, तो या फोमचा इथल्या हवेतला स्वभाव नव्हताच. जूनमध्ये दिसतोय तोच खरा.

खळगा भरून न येण्याचं कारणही याच बंधांत आहे. बोटाने दाबल्यावर भिंती वाकून एकमेकींना टेकतात, आणि टेकल्या की तिथे नवे हायड्रोजन बंध होतात. भिंती तिथेच चिकटून बसतात. एक सोपा प्रयोग करा. खळगा पडलेली वडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवा. खळगा फुगून वर आला तर सांगाडा शाबूत आहे, भिंती नुसत्या चिकटल्या होत्या. वडीचा पुन्हा लगदा झाला, तर धागे एकमेकांत पुरेसे गुंतलेलेच नव्हते आणि दोष दळण्यात किंवा वाळवण्यात आहे.

यावर इलाज म्हणून लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे सिलेनचा, म्हणजे पाणी झटकणाऱ्या सिलिकॉनयुक्त रसायनाचा, लेप. त्याने पाण्याचा थेंब वडीवर अळवाच्या पानावरच्यासारखा मोत्यासारखा उभा राहतो, आणि फोटो फार सुंदर येतो. पण थेंब अडला म्हणून वाफ अडत नाही. आठवडाभर ९० टक्के आर्द्रतेत ठेवा आणि मग दाबून बघा. दुसरी गोष्ट म्हणजे सायट्रिक आम्लासारखं काही घालून, वाळवल्यानंतर १५० अंशांच्या आसपास तापवून, धाग्यांमध्ये पक्के रासायनिक पूल बांधणं. हे पूल पाण्याने सुटत नाहीत. फोम थोडा पिवळसर होतो, किंचित ठिसूळ होतो, पण दाबून सोडला तर बराचसा परत येतो. दोहोंतून एक निवडायचं तर मी दुसरं घेईन, नेहमीच.

गोठवण्याबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील, कारण फोमचा आकार ड्रायर ठरवत नाही, बर्फ ठरवतो. पाणी गोठताना शुद्ध बर्फाचे स्फटिक वाढतात आणि धाग्यांना बाजूला ढकलतात. दोन स्फटिकांच्या फटीत जे चेंगरलं ती तुमची भिंत, आणि स्फटिकाच्या जागी पुढे कप्पा. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८-२० अंशांना गोठवणं संथ होतं, स्फटिक मोठे होतात, कप्पे मोठे आणि भिंती कुठे जाड तर कुठे नसल्यासारख्या. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, कप्पे बारीक होतात, पण वडी बाहेरून आधी गोठते आणि आतला भाग नंतर फुगतो, त्यामुळे तडे जातात. मधला मार्ग असा: साच्याचा तळ तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, बाजू उष्णतारोधक करा, आणि थंडी फक्त खालून द्या. स्फटिक खालून वर खांबांसारखे वाढतात. असा फोम उभ्या दिशेने चांगला ताठ आणि आडव्या दिशेने मऊ होतो, कारण उभ्यात भिंती दाबल्या जातात आणि आडव्यात वाकतात. साकवाचा ओंडका आठवा. बाजूंना उष्णतारोधक म्हणून मी काय वापरतो? थर्माकोल. हसू नका.

वाळवताना बर्फ वितळू द्यायचा नाही, थेट वाफ व्हायला हवी. त्यासाठी दाब ६ मिलिबारच्या खाली लागतो आणि तो शेवटपर्यंत टिकावा लागतो. एका जुलैत आमच्या इथे रात्री लाईट गेली ती पहाटे आली. पंप बंद, वड्यांचा खालचा भाग वितळला आणि मग परत पंप सुरू झाल्यावर तसाच वाळला. खाली पारदर्शक कडक पापुद्रा, अगदी फणसपोळीसारखा. त्याचं कारण: पाण्याचा पृष्ठभाग आक्रसताना ५० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात जवळजवळ २.९ मेगापास्कलची ओढ तयार होते, आणि फोमच्या भिंती तर काही किलोपास्कललाच कोसळतात. मिश्रण उन्हात वाळवून फोम का होत नाही, नुसता चकतीचा तुकडा का उरतो, याचं उत्तर हेच. त्या वड्या मी तरीही तपासल्या. ताठपणा नेहमीपेक्षा जास्त आला आणि दोन दिवस मी खुशीत होतो. मग एक वडी उभी कापून पाहिली, तर खालचा थर वरच्यापेक्षा कितीतरी दाट. मोजलं होतं ते पापुद्र्याला.

म्हणून मोजण्याबद्दल. तुम्ही पाठवलेल्या चाचणीच्या कागदावर यंत्राचा लोडसेल (बल मोजणारा भाग) ५ किलोन्यूटनचा लिहिलाय. तुमची ३० मिलिमीटर व्यासाची वडी, दाब १० किलोपास्कल, म्हणजे बल ७ न्यूटन. काजूच्या गोणीच्या काट्यावर चमचाभर हळद तोलण्यासारखं झालं हे. ५० न्यूटनचा सेल मागा, नसेल तर १०० चा. आलेखाच्या सुरुवातीचा जो वाकडा भाग आहे तो ताठपणात धरू नका. वडीचा वरचा भाग सपाट नसतो, पहिले एक-दोन टक्के यंत्राची तबकडी नुसती उंचवटे शोधत असते. ताठपणा त्यानंतरच्या सरळ उतारावरून घ्या. कडक फोमसाठीच्या आयएसओ ८४४ चाचणीत १० टक्के दबल्यावरचा दाब नोंदवतात आणि वेग मिनिटाला जाडीच्या १० टक्के ठेवतात. तुमच्या वड्या त्या मानकाच्या मापाच्या नाहीत, पण वेग तरी तोच ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेशी तुलना होईल. वडी दबताना बाजूने फुगली नाही तर घाबरू नका, असा फोम आडवा फुगतच नाही, आतल्या पोकळीतच बसतो.

आणि वडीचं वजन कोणत्या हवेत केलंत ते लिहून ठेवा. प्रयोगशाळांचा रिवाज २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेचा आहे. ती हवा रत्नागिरीत फक्त एसीच्या खोलीत मिळते. म्हणून आकडा दोन्ही हवांतला हवा: तुलनेसाठी ५० टक्क्यांचा आणि कामासाठी ८५-९० टक्क्यांचा.

आता आंब्याची पेटी. हापूस धरा २५० ग्रॅमचा, आणि पेटी हाताळताना तो ३० सेंटिमीटरवरून पडल्याइतका धक्का. ऊर्जा झाली पाऊण ज्यूलच्या जवळपास. आंबा फोमच्या २० मिलिमीटर जाड गादीवर १० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो असं मानू. ही सारी ऊर्जा त्या २० घनसेंटिमीटर फोमने पचवायची आहे. फोम दाबला की आधी थोडा ताठ लागतो, मग एका ठराविक दाबाला भिंती ओळीने कोसळत जातात. आलेखात हे पठार दिसतं, सड्यासारखं. साठेक टक्के दबल्यावर कप्पे संपतात, भिंतीवर भिंत येते आणि आलेख कड्यासारखा वर चढतो. ऊर्जा पचते ती पठारावर. ६० टक्के दबेपर्यंत सगळी पचवायची तर पठार ६० किलोपास्कलच्या आसपास हवं. आंब्यावर येणारं बल मग ६० न्यूटन, म्हणजे त्याच्या वजनाच्या पंचवीसपट.

पठार २० किलोपास्कलचं असेल तर फोम जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा पचवतो आणि आंबा जवळजवळ पेटीच्या फळीवर आदळतो. आणि ३०० चं असेल? मग फोम १२ टक्केच दबतो, बल ३०० न्यूटन होतं, आंब्याला वजनाच्या १२० पट हिसका बसतो आणि कोयीपाशी डाग पडतो. जास्त ताठ म्हणजे जास्त चांगला, ही समजूत इथे उलटी पडते. थर्माकोलचंही तेच: २० किलो घनतेचं थर्माकोल १० टक्के दबायला साधारण १०० किलोपास्कल मागतं, एकेका आंब्याला ते कडकच आहे. तुम्हाला त्याच्याशी ताठपणात बरोबरी करायचीच नाही. आपल्या पेंढ्याने इतकी वर्षं आंबे वाशीला नेले ते उगाच नाही.

पण पेटीतली हवा विसरू नका. पिकणारा आंबा पाणी सोडत असतो. बंद पेटीत आर्द्रता ९० च्या वर जायला वेळ लागत नाही, मग बाहेर मे असो की जुलै. म्हणजे ६० किलोपास्कलचं पठार तुम्हाला पेटीतल्या हवेत हवंय, लॅबच्या हवेत नाही. लॅबमध्ये ते १२० च्या आसपास असावं लागेल. शिवाय धक्का एकदाच बसत नाही. महामार्गाच्या खड्ड्यांतून वाशीपर्यंत जाताना फोम हजारो वेळा दबतो, आणि पहिल्या दाबानंतर तो पुन्हा तितका ताठ कधीच होत नाही. एका वडीला वीस वेळा ४० टक्क्यांपर्यंत दाबा आणि पहिला व विसावा आलेख शेजारी ठेवा. सोडल्यावर उरलेली उंचीही मोजा. माझ्या अनुभवात सर्वात मोठी घट पहिल्या दोन-तीन खेपांतच येते.

खर्चाचं म्हणाल तर शुद्ध नॅनोधाग्यांचा, गोठवून वाळवलेला फोम आंब्याच्या पेटीत परवडणार नाही असंच माझं मत आहे. धागे दळायला वीज लागते, बर्फ उडवायला त्याहून जास्त. त्याऐवजी सोपटाचा साधा लगदा घ्या, त्यात साबणासारखं फेस आणणारं द्रव्य घालून फेटा, आणि त्यात नॅनोधागे फक्त पाच-दहा टक्के, खळीसारखे. हा फेस जाळीवर निथळून साध्या ओव्हनमध्ये वाळतो, कारण मिलिमीटरभर लांबीचे जाड तंतू ती आक्रसणारी ओढ सोसतात. ताठपणा घनतेच्या मानाने कमी मिळतो, पण पेटीला लागतो तितका मिळू शकतो. लगदा एकदाही वाळू देऊ नका. वाळलेल्या तंतूंची आतली छिद्रं मिटतात ती नीट उघडत नाहीत, आणि मग दळायला दुप्पट जीव जातो.

सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, काथ्या वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. वाड्यांतून सोडणांचे ढीग पडलेले असतात, मोह होणारच. पण काथ्यात लिग्निन, म्हणजे तंतूंना जखडून कडक करणारा घटक, चाळीस टक्क्यांच्या वर असतं. ते काढायला इतकी रसायनं लागतात की शेवटी हातात थोडेच धागे आणि भरपूर काळं पाणी उरतं. केळीचं सोपट त्या मानाने गरीब जनावर. काथ्या तसाच जाड ठेवून फेसाच्या फोममध्ये सळ्यांसारखा घातलात तर मात्र त्याचा उपयोग आहे.

पुढची खेप करण्याआधी घरात एवढं करा. हवाबंद डब्याच्या तळाशी मिठाचा ओला चिखल ठेवा, वर जाळीवर वडी. मिठाच्या संपृक्त द्रावणावर हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर राहते. पोटॅशियम क्लोराइड मिळालं तर ८५, पोटॅशियम नायट्रेटवर ९३ च्या आसपास. मिठागराचं जाडं मीठ घेऊ नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, पावसात ते पाझरतं ते त्यामुळेच, आणि आकडा खाली येतो. वडीचं वजन रोज करा. दोन दिवस लागोपाठ सारखं आलं की मगच यंत्राखाली घाला, आणि डब्यातून काढल्यापासून पाच मिनिटांच्या आत. डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, कॉम्प्रेसर सुरू-बंद झाला की तिथली उष्णता बदलते.